सुनेच्या अर्जाला सासूचं पत्र

झेरॉक्सवाल्या काकूंना एक खोड होती. हातात आलेला कागद वाचल्याशिवाय त्या यंत्रात घालत नसत. भाडेकरार असो, डॉक्टरांचा रिपोर्ट असो, नाहीतर प्रेमपत्र असो. प्रेमपत्राची झेरॉक्स कोण काढतं म्हणाल, तर दोन ठिकाणी पाठवणारे काढतात, आणि काकूंच्या दुकानात असे दोघं येऊन गेले होते. दोघांनाही त्यांनी शुद्धलेखन सुधारून दिलं होतं.

दुकान सरकारी विद्यापीठाच्या फाटकासमोर, रस्ता ओलांडला की. सहा फूट रुंद, दहा फूट खोल. एक मोठं यंत्र, एक लहान यंत्र, एक कॉम्प्युटर, आणि मागच्या भिंतीशी सासूबाईंची खुर्ची. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचे दिवस आले की पोरांची रांग पार शेजारच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायची. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. अर्जाला गुणपत्रिका लागायची, उपक्रमांची यादी लागायची, एक शिफारसपत्र लागायचं, आणि 'स्वतःविषयी' पाचशे शब्द. त्या पाचशे शब्दांवर काकूंचा भारी डोळा.

"हे काय लिहिलंयस? 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.' अरे, मघाशी रांगेत त्या आजोबांच्या पुढं घुसलास तो कोण होता मग?"

"उपक्रम चौदा? तुझ्या घरी दिवस किती तासांचा असतो गं? तीन ठेव. ज्यात खरंच घाम गाळलास ते तीन. किती वर्षं, आठवड्याला किती तास, आणि तू स्वतः काय केलंस. बाकीचं फाड."

"आज शेवटचा दिवस, आणि तू आज उगवलास! तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांच्या घरचा दिसतोस."

पोरं कान पकडायची, हसायची, घरी जाऊन पुन्हा लिहून आणायची. काकूंच्या हाताखालून गेलेला अर्ज सहसा परत येत नाही, अशी ख्याती होती. आणि ही ख्याती ज्या खांबावर उभी होती तो खांब काकूंचे यजमान रोज नव्यानं रंगवायचे. ते बस डेपोत टाइमकीपर. येईल त्याला सांगायचे, "आमची ही शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास. लग्न झालं म्हणून थांबली. नाहीतर आज समोरच्या फाटकातून गाडीनं आत गेली असती."

आता खरं सांगायचं तर काकू त्या परीक्षेत गणितात आपटल्या होत्या. शंभरपैकी एकोणतीस. स्थळ आलं तेव्हा निकाल लागायचा होता, आणि लागला तेव्हा पत्रिका छापून झाल्या होत्या. काकूंच्या वडिलांनी निकाल विचारणाऱ्याला "उत्तम!" एवढंच उत्तर दिलं. त्या उत्तमचा सासरी येईपर्यंत पहिला वर्ग झाला. एकदा झाकलं ते झाकलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत सत्तावीस वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वी मात्र काकूंनी मूठ हळूच उघडून बघितली. "यंत्र दुरुस्तीचं प्रशिक्षण आहे" असं घरी सांगून त्या सहा महिने दर शनिवारी गणिताच्या शिकवणीला गेल्या आणि परीक्षेला बसल्या. एकसष्ट गुण मिळाले. गुणपत्रिका लहान यंत्राच्या पोटात, शाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवली. यजमानांनी तोवर डेपोभर सांगितलं होतं की बायको यंत्रं दुरुस्त करते. त्यांनी डेपोतलं तिकिटांचं बिघडलेलं मशीन आणून काकूंपुढं ठेवलं. काकूंनी ते उघडलं, आतल्या धुळीवर फुंकर मारली, बंद केलं, आणि मेलं चालू झालं! नशीब म्हणतात ते हेच.

यंदा विद्यापीठाचं माहितीपत्रक झेरॉक्सला आलं. काकूंनी सवयीनं वाचलं आणि पाचव्या पानावर थांबल्या. दरवर्षी तिथं एक ओळ असायची: अर्जदाराचं वय पंचवीसच्या आत असावं. यंदा ती ओळ नव्हती. काकूंनी पान उलटून पाहिलं, मागून पाहिलं, पुन्हा पुढून पाहिलं. ओळ नव्हतीच. काकू शेहेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांनी त्या पानाची एक प्रत स्वतःसाठी काढून ठेवली.

विषय कुठला घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. ज्यानं आपटलं त्याच्याच घरी जायचं. गणित.

गुणपत्रिका होती. उपक्रमांचं काय? काकूंनी स्वतःचाच नियम स्वतःला लावला आणि एकच लिहिला: 'अठरा वर्षं, आठवड्याला सहा दिवस, सुमारे सहाशे विद्यार्थ्यांचे प्रवेश अर्ज तपासले.' शिफारसपत्राशी मात्र गाडी अडली. 'अर्जदारास शिकवलेल्या शिक्षकांचे किंवा कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचे पत्र. बंद पाकिटात. अर्जदाराने वाचलेले नसावे.' शाळेतले शिक्षक कुठं शोधायचे? निम्मे गेले, उरलेल्यांना काकू आठवत असल्याच तर त्या एकोणतीस गुणांनीच. आणि वरिष्ठ? दुकानात काकूच मालक, काकूच नोकर.

पण परवाना भिंतीवर टांगलेला होता, आणि परवान्यावर मालक म्हणून नाव होतं सासूबाईंचं. सासऱ्यांनी उघडलेलं टायपिंगचं दुकान, ते गेल्यावर सासूबाईंच्या नावावर झालं आणि तिथंच राहिलं. म्हणजे कायद्यानं बघाल तर काकूंच्या वरिष्ठ त्या. मागच्या भिंतीशी खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दात सगळे शाबूत.

जगात कुठल्या सुनेला सासूनं चांगलं म्हटल्यावर कॉलेजात प्रवेश मिळतो? काकूंना हसूही आलं आणि घामही फुटला. त्यांनी ठरवलं, पत्र आपणच टाइप करायचं, पाकीट आपणच चिकटवायचं आणि "वीजबिलाच्या कागदावर सही हवीय" म्हणून सासूबाईंची सही घ्यायची. सहाशे पोरांना खरं लिहा म्हणून सांगणारी बाई ही!

राहिले ते पाचशे शब्द. ते लिहायला काकू बसल्या आणि अडल्या. पहिलं वाक्य उमटलं: 'मला लहानपणापासून गणिताची आवड आहे.' खोडलं. दुसरं: 'ज्ञान हीच खरी संपत्ती आहे.' शी! दुसऱ्यांच्या अर्जातून अठरा वर्षं खुडलेली वाक्यं एकेक करून त्यांच्याच लेखणीतून बाहेर यायला लागली. कसेबसे पाचशे शब्द झाले, तेव्हा त्यांनी ते एका चष्मेवाल्या मुलीला वाचायला दिले. तिचा निबंध काकूंनी त्याच आठवड्यात चार वेळा परत पाठवला होता.

"एका गिऱ्हाइकाचा आहे," काकू म्हणाल्या. "बघ बरं कसा वाटतो."

मुलीनं वाचला, चष्मा वर सारला आणि थेट काकूंच्याच सुरात म्हणाली, "काकू, या बाईला सांगा, यात तुम्ही कुठंच दिसत नाही. हा निबंध कुणाचाही असू शकतो. काय लपवताय ते लिहा, तेच वाचण्यासारखं असेल."

काकूंनी तिला पाच प्रती फुकट काढून दिल्या आणि मनातल्या मनात दोन शिव्याही दिल्या. मग दुपारी रांग ओसरल्यावर कॉम्प्युटरपुढं बसून त्यांनी एका दमात सगळं ओकून टाकलं. 'मी या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान चालवते. मी गणितात नापास झाले होते. सासरी हे कुणाला माहीत नाही. पुन्हा परीक्षेला बसायचं होतं, ते राहून गेलं. पंचवीस वर्षांनी नवऱ्याशी खोटं बोलून बसले. दुसऱ्यांचे अर्ज तपासताना दरवेळी वाटायचं, हा माझा असता तर.' पाचशेला तीन शब्द कमी पडले. काकूंनी ते वाढवले नाहीत.

छापील पान हातात घेतलं, एक प्रत काढून ठेवावी म्हणून मोठ्या यंत्राच्या काचेवर पालथं घातलं, आणि तेवढ्यात त्यांच्याच इमारतीचे सेक्रेटरी घाईघाईनं आत आले. हातात नोटीस: उद्या सकाळी दहा ते चार पाण्याची टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवावं. चाळीस प्रती हव्या होत्या, आणि चौथ्या मजल्यावरच्या कुंड्यांतून गळणाऱ्या पाण्याबद्दल कुणालातरी ऐकवायचंही होतं. काकूंनी कुंड्यांना हो हो म्हणत झाकण चार बोटं उचललं, नोटीस आत सरकवली आणि बटण दाबलं.

दुकानात डोळ्यांपुढं पाटी होती, काकूंच्याच हातची: 'आपला मूळ कागद काचेवर विसरू नये.' पाटी लावणाऱ्याला पाटी दिसत नाही. नोटीस निबंधाच्या पाठीवर आरामात पडून राहिली आणि यंत्रानं खालच्या पानाच्या चाळीस स्वच्छ, ठळक प्रती काढल्या. त्या दिवशी काकूंनी वाचलं नाही आणि सेक्रेटरींनीही वाचलं नाही. त्यांनी गठ्ठा घडी घालून काखेत मारला आणि संध्याकाळच्या आत चाळीस टपालपेट्यांत टाकून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता इमारतीतले नळ कोरडे पडले. दुसऱ्या मजल्यावरचे वकील तोंडाला साबण लावून जिन्यात उभे. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या केसांना रंग. "नोटीस का नाही दिली?" म्हणून सगळे सेक्रेटरींच्या अंगावर गेले. सेक्रेटरी म्हणाले, दिली. लोकांनी पेट्या उघडल्या, कागद काढले, आणि मग भांडण तिथंच राहिलं. सगळे वाचत होते.

काकू दुकानात होत्या. आदल्या दुपारपासून लहान यंत्रावरच काम चाललं होतं. आता मोठ्याचं झाकण उचलल्यावर एकावर एक पडलेले दोन कागद त्यांना दिसले, आणि सगळा उलगडा झाला. सासूबाईंच्या खुर्चीला धरून उभ्या राहायला गेल्या तर खुर्ची रिकामी. सासूबाई त्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून घरीच होत्या, टपालपेट्यांच्या थेट वरच्या मजल्यावर.

यजमान दुपारी डेपोतून तडक दुकानात आले. हातात इमारतीतल्या कुणीतरी डेपोत पोचवलेला, घडी घातलेला कागद. काकू यंत्राच्या मागं सरकल्या.

"प्रशिक्षण नव्हतं म्हणजे?" ते म्हणाले.

"नव्हतं."

"आणि ते तिकिटांचं मशीन?"

"फुंकर मारली."

यजमान स्टुलावर बसले. डेपोत आता काय तोंड दाखवायचं, असं काहीतरी पुटपुटले. मग कागद पुन्हा उघडून म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी तू एकटीच गेलीस? बाकीच्यांना सोडायला कुणी कुणी आलं असेल की."

"आले होते."

"मी आलो असतो गं." एवढं बोलून ते रागानं निघून गेले, आणि काकूंना सत्तावीस वर्षांत आली नव्हती इतकी लाज त्या चार शब्दांची वाटली.

पण खरा बाण घरी होता. काकू दारातून आत आल्या तेव्हा सासूबाई पलंगावर ताठ बसल्या होत्या. मांडीवर कागद, नाकावर चष्मा.

"वीजबिलाचा कागद कुठाय?" त्यांनी विचारलं. "कालपासून सही हवी, सही हवी चाललं होतं ना?"

काकूंनी पिशवीतून टाइप केलेलं पत्र निमूट काढून दिलं. सासूबाईंनी वाचलं. 'अत्यंत मेहनती, नम्र, मितभाषी.' मितभाषीवर त्या थांबल्या आणि सुनेकडं चष्म्यावरून पाहिलं. मग पत्राचे चार तुकडे केले.

"वरिष्ठ मी आहे ना? मग मी लिहीन. माझ्या हातानं. आणि पाकीट मीच चिकटवीन. पोरांना तूच सांगतेस ना, अर्जदारानं वाचायचं नाही."

पुढचे आठ दिवस काकूंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. सासूबाईंच्या हातात आयती सत्ता आली होती आणि त्या ती चवीचवीनं वापरत होत्या. "उशी जरा बदलतेस का? बघ बाई, पत्र अजून अर्धंच झालंय." "रेडिओचा आवाज कमी होतोय. लिहायला मन लागत नाही." "आज पाय चेपलेस ते बरं चेपलेस. 'बऱ्यापैकी' असं लिहीन." काकू दात ओठ खात पाय चेपायच्या. सासूबाईंची वही रात्री उशीखाली, दिवसा पदराखाली. यजमान रुसलेले, इमारत फिदीफिदी हसणारी, दुकानात पोरं विचारणार, "काकू, तुमचा झाला का भरून?" आणि सगळ्या अर्जाचं भवितव्य, ज्या बाईनं सत्तावीस वर्षांत सुनेच्या एकाही भाजीला नाव ठेवायचं सोडलं नाही तिच्या पेनात.

शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पाकीट मिळालं. डिंकानं चिकटवलेलं, वर पुन्हा टेप, टेपवर सही. पाकीट जाड होतं. तक्रारीच असणार, काकूंनी ताडलं, चांगल्या शब्दांना एवढी पानं लागत नाहीत. रस्ता ओलांडून द्यायचं होतं, तरी त्या दुकानात शिरल्या, शटर अर्धं ओढलं, आणि पाकीट यंत्राच्या काचेवर ठेवून प्रखर उजेडात एक प्रत काढली. घडीवर घडी असलेल्या ओळी एकमेकींत घुसून मुंग्यांचं वारूळ तेवढं उमटलं. काकूंनी किटलीकडंही एकदा बघितलं. वाफेवर डिंक सुटतो, हे त्यांना माहीत होतं. मग स्वतःवरच चिडल्या, पाकीट उचललं, आणि पळत जाऊन खिडकीत देऊन आल्या.

मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडं तिघं. मधल्या प्राध्यापकबाईंच्या हातात सासूबाईंचं पत्र, तिरप्या अक्षरातलं.

"तुमच्या वरिष्ठांनी बरंच लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. "'ही उलट बोलते. चहात साखर कमी घालते. गिऱ्हाइकांचे कागद वाचते, कितीदा सांगितलं तरी वाचते. स्वतःचं चुकलं तर कबूल करायला हिला फार वेळ लागतो. पण हिच्याकडून हिशेबाची चूक कधी झाली नाही, आणि चुकीचा कागद हिनं कुणाला पुढं जाऊ दिला नाही.'"

कडेचे दोघं हसले. बाईंनी पान उलटलं. त्यांचा आवाज जरा खाली आला.

"'हिनं निबंधात लिहिलंय की पुन्हा परीक्षेला बसायचं राहून गेलं. ते खरं नाही. राहून गेलेलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा हिच्यासोबत एक पेटी होती, शाळेच्या पुस्तकांची. पास झालेल्या मुलीला ती कशाला हवीत, आणि घरात जागा कुठाय, म्हणून मी ती रद्दीवाल्याला दिली. हिनं विचारलं तर वाळवी लागली म्हणाले. वाळवी नव्हती. ही तेव्हा काही बोलली नाही. आठ दिवस जेवली नाही तर मला वाटलं माहेरची आठवण येते. आता मला कळलं. तुम्ही हिला घ्या. नाही घेतलंत तर त्यात हिची चूक नाही, एवढं लिहून ठेवा.'"

प्राध्यापकबाईंनी पत्र खाली ठेवलं आणि विचारलं, "यावर तुम्हाला काही म्हणायचंय?"

अठरा वर्षं जिची जीभ थांबली नाही ती बाई रुमालात तोंड घालून बसली. शेवटी म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. फक्त साखरेचं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून."

मग तासभर गणित झालं. दोन प्रश्न आले, एक अर्धा आला, एक अजिबात नाही, आणि जो आला नाही त्याला काकूंनी "नाही येत" असं साफ सांगितलं. उठताना प्राध्यापकबाई म्हणाल्या, "प्रवेशाची खिडकी चारपर्यंत उघडी असते. तुमच्याकडं अजून चाळीस मिनिटं आहेत."

दुकानात सासूबाई गल्ल्यावर बसल्या होत्या आणि एका पोराला ओरडत होत्या, की दोन्ही बाजू हव्या तर तसं आधी सांगायचं. काकूंना बघून त्यांनी पोराला वाटेला लावलं.

"काय झालं?"

"घेतलं."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला, पण लगेच सावध झाल्या. "माझं पत्र वाचलं का त्यांनी?"

खोटं बोलायची सवय होतीच, ती पहिल्यांदा चांगल्या कामी आली. "नाही. पाकीट फोडलंच नाही. म्हणाले, सासूचं पत्र, त्यात काय असणार."

"म्हणजे काय!" सासूबाई ताडकन उठल्या. "आठ दिवस लिहिलं मी! हात मोडला माझा! काय असणार म्हणजे? सगळं मुद्देसूद होतं. ही उलट बोलते, लिहिलं होतं. साखर लिहिली होती. कागद वाचते, लिहिलं होतं. हिशेबाला पक्की आहे, तेही लिहिलं होतं, वाईट वाटायला नको. आणि पुढं..."

त्या थांबल्या. काकू यंत्राच्या झाकणावर हात ठेवून उभ्या होत्या.

"पुढं काय?" काकूंनी हळूच विचारलं.

"पुढं सही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गल्ला बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. मग सुनेकडं न बघता हात पुढं केला. "पुस्तकं लागतील ना तुला? त्यांनी यादी दिली असेल."

"दिलीय. पण वर्ग सुरू व्हायला महिना आहे अजून, सासूबाई. आणि तुमचे गुडघे..."

"यादी दे म्हणते ना. मी आणते."

"अहो, मी जाईन की उद्या."

"तू नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज कापला, तरी त्यांनी तो पुन्हा चढवला. "तू नाही जायचं. मी जाणार."

काकूंनी यादी दिली. सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचली, घडी घालून मुठीत गच्च धरली, खुंटीवरची सगळ्यात मोठी पिशवी काढली आणि चपला शोधायला लागल्या.